श्वासांच्या मोजणीपासून जनुकांच्या तपासणीपर्यंत : बालकांच्या दुर्मिळ फुप्फुसविकारांच्या निदानाचा इतिहास आणि राजूर परिसर

प्रस्तावना :
जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात वसलेले राजूर हे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते राजुरेश्वर गणपतीमुळे. गणपतीच्या साडेतीन पीठांमध्ये त्याची गणना होते आणि चतुर्थीला, विशेषतः अंगारकीला, येथे दूरदूरचे भाविक येतात. आरोग्याच्या इतिहासात मात्र राजूरचे स्थान मराठवाड्यातील इतर शेकडो गावांसारखेच आहे. येथून जालना सुमारे पंचवीस किलोमीटर, तेथून औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) आणखी साठ किलोमीटर आणि त्यापुढे मुंबई. आजारी मुलाला घेऊन निघालेल्या आईबापांची वाट हीच. या वाटेवर निदानाची साधने कोणत्या काळात, कोणत्या क्रमाने आणि कोणाकरिता आली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

येथे विचारात घेतलेला विकारसमूह वैद्यकात ‘इंटरस्टिशियल लंग डिसीज’ या नावाने ओळखला जातो. फुप्फुसातील वायुकोश आणि त्यांना वेढणाऱ्या केशवाहिन्या यांच्यामध्ये एक अतिशय पातळ भिंत असते आणि प्राणवायू तिच्यातूनच रक्तात जातो. ही भिंत सुजली, जाड झाली, तीत नको त्या पेशी साठल्या अथवा वायुकोशाच्या आतील अस्तर जन्मतःच सदोष असले, तर मूल धापा टाकू लागते. हा एक रोग नसून शंभराहून अधिक रोगांचा समूह आहे. दोन वर्षांखालील बालकांमधील यातील काही रोग प्रौढांत आढळतच नाहीत आणि निदानाच्या इतिहासातील सर्वांत मोठा घोळ येथेच झाला.

लोकभाषेतील धाप :
बोलता न येणाऱ्या मुलाचा आजार ओळखावा कसा, हा प्रश्न भारतीय वैद्यकाला नवा नव्हता. नेपाळचे पं. हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील हस्तलिखितावरून विसाव्या शतकात प्रकाशित झालेल्या काश्यपसंहितेत ‘वेदनाध्याय’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. बालकाच्या हालचालींवरून, रडण्यावरून, श्वासावरून त्याची वेदना ताडावी कशी, हा त्याचा विषय. मराठी घरांत ‘डबा’ हा शब्द होता. तान्ह्या मुलाच्या बरगड्यांखालची जागा श्वासागणिक आत ओढली जाऊ लागली की म्हाताऱ्या बायका म्हणत, डबा झाला. छातीचा भाता, पोट उडणे, धाप लागणे हे शब्दही निरीक्षणातून आलेले आहेत आणि ते निरीक्षण अचूक आहे. आधुनिक बालरोगशास्त्र ज्याला छाती आत ओढली जाणे म्हणते व गंभीर आजाराचे लक्षण मानते, तेच या बायकांनी हेरले होते. चुकत होते ते उपचारात. मेळघाटासारख्या भागात पोटावर चटके देण्याची प्रथा अगदी अलीकडच्या काळापर्यंत नोंदली गेली आहे.

या शब्दांची मर्यादाही होती. ‘डबा’ म्हणजे चार-आठ दिवसांत इकडे किंवा तिकडे होणारा आजार. महिनोन्महिने टिकणाऱ्या, ताप नसलेल्या, हसत्याखेळत्या मुलाच्या धापेसाठी वेगळे नाव नव्हते. पुढे शहरी वैद्यकाने अशा मुलांना दोन नावे दिली : ‘बालदमा’ आणि ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’. दोन्ही मराठी कुटुंबांत इतकी रुळली की ती मराठीच वाटतात.

क्षयाची सावली :
फ्रेंच वैद्य लाएनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथोस्कोप तयार केला आणि १८१९ मध्ये छातीतील ध्वनींवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रॉन्टगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. या दोन साधनांमधल्या काळात, १८८२ मध्ये, कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवून दिला होता. परिणामी क्ष-किरणपटावर दिसणारी प्रत्येक सावली प्रथम क्षयाच्या दृष्टीने वाचली जाऊ लागली. त्यात गैर काही नव्हते. मुलांच्या फुप्फुसातील क्षयाचे पहिले केंद्र आणि त्यासोबत सुजणाऱ्या लसिकाग्रंथी यांचे वर्णन घोन यांनी १९१२ मध्ये केले होते, मांटू यांची त्वचाचाचणी १९०८ पासून उपलब्ध होती आणि भारतात तर क्षय घरोघरी होता. ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’ हे नाव आले ते याच घोन-परंपरेतून.

याउलट फुप्फुसाच्या भिंतीचे आजार हा विचार उशिरा रुजला. जॉन्स हॉपकिन्स येथील हॅमन आणि रिच यांनी १९४४ मध्ये वेगाने वाढणाऱ्या फुप्फुस-तंतुमयतेचे चार रुग्ण सविस्तर मांडले. लिबॉ आणि कॅरिंग्टन यांनी १९६९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखालील चित्रावरून या विकारांचे वर्गीकरण केले. ही सारी मांडणी मुख्यतः प्रौढ रुग्णांवर बेतलेली होती. पुढची तीन दशके ती लहान मुलांवर जशीच्या तशी लावली गेली आणि मोठ्यांचा अंगरखा तान्ह्या बाळाला चढवावा तसा प्रकार झाला.

क्षयाच्या सावलीत हरवलेल्या विकारांपैकी एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. ‘इडिओपॅथिक पल्मनरी हिमोसिडरोसिस’ या विकारात मुलाच्या वायुकोशांत वारंवार रक्तस्राव होतो. सीलेन यांनी १९३१ मध्ये दोन मुलांच्या शवविच्छेदनावरून त्याचे वर्णन केले. खोकला, क्ष-किरणपटावरील डाग आणि लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग ही त्याची लक्षणे. लहान मूल थुंकी बाहेर टाकत नाही, गिळते. त्यामुळे रक्त कोणाला दिसत नाही. आता मराठवाड्यातील एखादे दवाखान्यात आणलेले मूल डोळ्यांपुढे आणावे. त्याला पंडुरोग आहे, पण तो तर निम्म्याअधिक मुलांना असतो. खोकला आहे, तोही सर्वांनाच. पटावर डाग आहे, म्हणजे क्षय असावा. तीन वेगळ्या, नित्याच्या गोष्टी एकाच आजाराच्या असू शकतात हे सुचायला डॉक्टरने तो आजार आधी कुठेतरी पाहिलेला असावा लागतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील काब्रा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा २६ मुलांचा आढावा ‘इंडियन पेडिॲट्रिक्स’मध्ये प्रसिद्ध केला. एका राष्ट्रीय केंद्राकडे अनेक वर्षांत जमलेली संख्या इतकीच आहे, यावरून जिल्हा पातळीवर हा अनुभव येणे किती कठीण, ते ध्यानात यावे.

एचआयव्हीच्या साथीने यात भर घातली. लागण झालेल्या मुलांमध्ये ‘लिम्फॉइड इंटरस्टिशियल न्यूमोनिया’ हा विकार आढळतो आणि क्ष-किरणपटावर तो बाजरीच्या दाण्यांएवढ्या ठिपक्यांच्या क्षयासारखा दिसतो. महाराष्ट्र या साथीच्या प्रमुख राज्यांपैकी एक होता. भारतात मुलांसाठीच्या एचआयव्ही-औषधोपचाराचा राष्ट्रीय उपक्रम २००६ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या काळात अशा किती मुलांच्या हाती क्षयाच्या गोळ्यांखेरीज काहीच पडले नाही, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

मुंबईतील एक पर्व :
भारतीय वैद्यकाने फुप्फुसाच्या भिंतीचा एक विकार क्षयापासून स्वतःच्या बळावर वेगळा काढला होता आणि त्या कामात मुंबईचा वाटा मोठा होता, ही बाब महाराष्ट्रातही फारशी सांगितली जात नाही. फ्रिमॉट-मोलर आणि बार्टन यांनी १९४० मध्ये क्षयासारख्या भासणाऱ्या, पण रक्तात इओसिनोफिल पेशी अतोनात वाढलेल्या रुग्णांची नोंद केली. वाइनगार्टेन यांनी १९४३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ८१ रुग्णांचे वर्णन करून त्यास ‘ट्रॉपिकल इओसिनोफिलिया’ हे नाव दिले. रात्री उसळणारा खोकला, धाप, वजनात घट आणि पटावर बारीक ठिपके असे चित्र असल्याने क्षयरोग-रुग्णालयांत असे रुग्ण सहज दाखल होत. वेल्लोरच्या वेब, जॉब आणि गॉल्ट यांनी १९६० मध्ये अशा रुग्णांच्या फुप्फुसात हत्तीरोगाच्या सूक्ष्म अळ्या दाखवल्या. मुंबईचे डॉ. फारोख उदवाडिया आणि डॉ. जोशी यांनी १९६४ मध्ये ‘थोरॅक्स’मध्ये आपला अभ्यास मांडला. डॉ. गाडगीळ यांच्यासह त्यांनी १९६९ मध्ये फुप्फुसांच्या बायॉप्सींच्या आधारे या रोगाच्या कारणांची चर्चा केली.

या पर्वाचे महत्त्व दुहेरी आहे. एक तर रक्तातील पेशींची साधी मोजणी आणि डायइथिलकार्बामॅझिन हे स्वस्त औषध यांच्या बळावर तालुक्याचा डॉक्टरही हे निदान करू शकला. दुसरे म्हणजे, पटावरील ठिपका म्हणजे क्षयच असे नाही, हा धडा दोन पिढ्यांच्या भारतीय डॉक्टरांना यातून मिळाला. मात्र हा धडा प्रामुख्याने मोठ्या माणसांच्या वॉर्डात शिकवला गेला. मुंबईत वाडिया बालरुग्णालय १९२९ पासून उभे होते. परंतु तान्ह्या मुलाची छाती उघडून फुप्फुसाचा तुकडा काढणे त्या काळी कोणत्याही सुज्ञ शल्यविशारदाने सहजासहजी पत्करले नसते. मराठवाड्याची स्थिती तर आणखी वेगळी होती. १९५६ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे लोकांची ‘घाटी’, त्याच वर्षी सुरू झाले. तोवर राजूरच्या मुलासाठी मोठ्या रुग्णालयाची वाट म्हणजे जालन्याहून रेल्वेने एकीकडे हैदराबाद किंवा मनमाडमार्गे दुसरीकडे मुंबई.

गडचिरोलीची मोजणी :
बालकांच्या श्वसनरोगांच्या निदानात महाराष्ट्राचे सर्वांत मोठे योगदान रुग्णालयाबाहेर घडले. पापुआ न्यू गिनीत काम करणारे फ्रँक शॅन यांनी १९८० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले की, न्यूमोनिया ओळखण्यास स्टेथोस्कोप वा क्ष-किरणयंत्र अपरिहार्य नाही; मिनिटाला होणारे श्वास मोजणे पुरेसे आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने निकष ठरवले : दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ची स्थापना केली. तेथे त्यांनी हे तत्त्व ५८ गावांत वापरले आणि ४४ गावांशी तुलना केली. गावातील कार्यकर्ते व दाया यांच्या हाती निदान व प्रतिजैविक दोन्ही देण्यात आले. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार उपचार मिळालेल्या ६१२ न्यूमोनियाग्रस्त मुलांत मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते. तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के आढळले. अक्षरओळख नसलेल्या दायांना साठपर्यंत मोजणे जमत नसे. त्यासाठी मणी सरकवून श्वास मोजण्याचे एक साधे साधन बनवले गेले आणि त्यावरून केलेले निदान विश्वासार्ह ठरले. डब्याची पारख करणाऱ्या म्हातारीच्या हाती आलेले हे पहिले वैज्ञानिक उपकरण होय.

परंतु प्रत्येक निदानपद्धतीची एक रचना असते आणि त्या रचनेबाहेर काही मुले राहतातच. जलद श्वास म्हणजे न्यूमोनिया, न्यूमोनिया म्हणजे प्रतिजैविक, हे सूत्र लक्षावधी मुलांसाठी बरोबर आहे. ज्या मुलाचा श्वास पाच दिवसांच्या औषधानंतरही ६५ वर राहतो, तीन आठवड्यांनीही राहतो, त्याच्यासाठी सूत्रात ‘वरच्या रुग्णालयात पाठवा’ एवढीच ओळ आहे. वरच्या रुग्णालयात दुसरे प्रतिजैविक मिळते, मग तिसरे, मग नेब्युलायझर, मग क्षयाचा सहा महिन्यांचा उपचार. यात कोणा एकाचा दोष काढणे अन्यायाचे ठरेल, कारण प्रत्येक पायरीवरचा डॉक्टर आपल्यापुढील दिवसापुरता योग्यच वागत असतो. मुलाच्या आजाराची लांबी एकाही कागदावर एकत्र दिसत नाही, ही खरी अडचण आहे. आईला ती ठाऊक असते. तिला ती कोणी विचारत नाही.

तान्ह्यांचे स्वतंत्र रोग :
विसाव्या शतकाच्या अखेरीस हा घोळ सुटू लागला. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट हा स्निग्ध द्रव कमी असतो, हे दाखवले होते. वायुकोश श्वासाअखेर मिटून चिकटू नयेत, हे त्याचे काम. पूर्ण दिवसांची काही बाळेही याच चित्राने दगावतात, ती का, याचे उत्तर १९९३ मध्ये मिळाले : नोगी आणि सहकाऱ्यांनी सर्फॅक्टंट प्रथिन ‘बी’चा आनुवंशिक अभाव शोधला. २००१ मध्ये प्रथिन ‘सी’च्या आणि २००४ मध्ये ‘एबीसीए-३’ या जनुकातील दोषांचा उलगडा झाला. एकाच घरात एकामागून एक बाळे धाप लागून दगावण्याच्या घटनांना आता, निदान काहींपुरते, जैविक स्पष्टीकरण उपलब्ध झाले. सुनेच्या पायगुणाला दोष देणाऱ्या समाजात याचे मोल केवळ वैद्यकीय नाही. ‘बी’ आणि ‘एबीसीए-३’ यांच्या विकारांत सदोष प्रत आई आणि बाप दोघांकडूनही आलेली असते.

लेलँड फॅन, क्लेअर लँगस्टन आदींनी अमेरिकेत मुलांसाठी वेगळ्या वर्गीकरणाचा आग्रह धरला. डॉइच आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ११ केंद्रांतील, दोन वर्षांखालील मुलांच्या १८७ बायॉप्सींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यातून तान्ह्या वयातच दिसणारे विकार ठळकपणे पुढे आले. त्यांपैकी ‘नेही’ या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा विकार विशेष उल्लेखनीय आहे. बाळाचा श्वास जलद, प्राणवायू कमी, वजन वाढत नाही. पण बायॉप्सीत जवळपास काहीच दिसत नाही. विशेष रंग वापरल्यावर श्वासनलिकांत ठरावीक चेतापेशींसारख्या पेशी अधिक आढळतात. त्यावर स्टेरॉईडचा उपयोग होत नाही. प्राणवायू, पोषण आणि काळ हाच उपचार, आणि बहुतेक मुले सावरतात. २०१० पर्यंत हे कळले की, त्याचे एचआरसीटी चित्र बरेचदा इतके ठरावीक असते की अनुभवी डोळ्यास बायॉप्सीची गरज भासत नाही. म्हणजे येथे अचूक निदानाचे फळ औषध देण्यात नसून औषध न देण्यात आहे. महिनोन्महिने स्टेरॉईड आणि क्षयाची औषधे घेणाऱ्या बाळाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०१३ मध्ये तान्ह्या मुलांसाठी मार्गदर्शिका काढली. नेहमीची कारणे वगळल्यानंतर चारपैकी तीन गोष्टी आढळल्यास या विकारसमूहाचा विचार करावा : श्वसनाच्या तक्रारी, तपासणीतील लक्षणे, रक्तात प्राणवायूची कमतरता आणि दोन्ही फुप्फुसांत पसरलेली विकृती. यातील पहिल्या तीन गोष्टींना मोठे रुग्णालय लागत नाही, हे लक्षणीय आहे.

राजूर परिसराचे गणित :
जर्मनीतील एका पाहणीत दर दहा लाख मुलांमागे वर्षाला १.३२ नवे रुग्ण आढळले. ब्रिटन-आयर्लंडमधील पाहणीत दर दहा लाखांत ३.६ रुग्ण होते. जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार साडेएकोणीस लाखांहून थोडी अधिक. मुलांचे प्रमाण एक-तृतीयांशाहून किंचित अधिक धरल्यास साऱ्या जिल्ह्यात वर्षाला जेमतेम एक नवा रुग्ण आणि कोणत्याही एका वेळी दोन-तीन मुले असे उत्तर येते. राजूरच्या डॉक्टरला उभ्या आयुष्यात असे एकही मूल दिसणार नाही, हाच संभव अधिक.

तथापि हे गणित युरोपच्या हवेतील आहे. ओली बुरशी, धान्याची धूळ, पक्ष्यांची पिसे व विष्ठा यांच्या सततच्या संपर्काने होणारा ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ हा याच समूहातील विकार मुलांनाही होतो. भारतातील १९ शहरांमधील २७ केंद्रांच्या नोंदवहीत, २०१७ च्या अहवालानुसार, १०८४ रुग्णांपैकी ४७.३ टक्के या एकाच प्रकारचे होते आणि त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांचा संपर्क कूलरशी आला होता. ही नोंदवही प्रौढांची आहे, तिचे आकडे मुलांना लावता येणार नाहीत. पण उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या गवती जाळीसमोर तान्ह्याला निजवणे, मका-सोयाबीनची पोती झोपण्याच्या खोलीत रचणे, कबुतरांना दाणे टाकणे या गोष्टी मराठवाड्यात अपवाद नाहीत. पऱ्हाट्या आणि तुराट्यांचा धूर वेगळाच. तो हा विकार घडवतो असे नव्हे, पण घरातील प्रत्येकाला खोकला लावून तो या विकाराला लपवतो. कूलर कधी लावला, कबुतरे कोठे बसतात, हे विचारायला यंत्र लागत नाही आणि कारण सापडल्यास ते दूर करणे हाच उपचाराचा पहिला भाग असतो.

साधनांच्या बाबतीत मधल्या काळात एक बदल अनपेक्षितपणे घडला. जपानचे ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावरील पल्स ऑक्सिमीटर अनेक दशके शस्त्रक्रियागृहातच राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत तो आरोग्य कर्मचाऱ्यांच्या हाती महाराष्ट्राच्या गावागावांत पोहोचला. मात्र ती चिमट्याची उपकरणे मोठ्यांच्या बोटांसाठी होती. तान्ह्याच्या तळपायाला गुंडाळायचा संवेदक वेगळा असतो, आणि तो नसेल तर मिळणारा आकडा फसवा ठरतो.

जालन्यात २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयास मान्यता मिळाली. क्षयासाठी आता जंतूची जनुकीय चाचणी उपलब्ध असल्याने केवळ पटावरील सावलीवरून उपचार सुरू करण्याचे कारणही पूर्वीइतके उरलेले नाही. बदल आणखी एका अर्थाने मोठा आहे. १९५० च्या दशकात निदानासाठी मुलालाच प्रवास करावा लागे. आज सर्फॅक्टंटच्या जनुकांची तपासणी दोन-तीन मिलिलिटर रक्तावर होते. मूल घरी राहते, रक्ताची नळी जाते. परत येणाऱ्या अहवालात पुष्कळदा ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा असतो. तो सोडवण्यासाठी आई आणि वडील दोघांचेही रक्त लागते, आणि ते का लागते, हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस राजूर ते मुंबई या वाटेवर नेमका कोठे बसवायचा, हे अजून ठरलेले नाही.